पद्मिनी सांभाळताना: जुन्या फियाटचे बिघाड आणि त्यांचा खर्च

जुनी पद्मिनी विकत घेऊ पाहणारा माणूस भेटला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पार्ट मिळतात का, आणि गाडी सारखी बंद पडते का? तिसरा प्रश्न, म्हणजे गाडी उभी कुठे राहणार, हा सहसा कुणी विचारत नाही. आणि खर्चाचा निम्म्याहून अधिक निकाल त्या प्रश्नावरच लागतो. आमच्या घरी वडिलांनी १९८४ साली घेतलेली पद्मिनी अजून चालती आहे. तिच्या खर्चाची वही ते लिहीत असत आणि त्यांच्यानंतर मी लिहितो. त्या वहीच्या आधाराने ही गाडी कुठे बिघडते, का बिघडते आणि त्याला किती पैसे लागतात, हे यांत्रिकीचे शिक्षण नसलेल्या वाचकाला कळेल अशा रीतीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी गाडीची ओळख. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी बनू लागल्या. १९५० च्या दशकातल्या गोलमटोल फियाटला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडले, आणि ते तिच्या नाकाडाकडे पाहिल्यावर पटतेही. त्यानंतरच्या काटकोनी अकराशे मॉडेलचे नाव बदलत बदलत १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. नाव बदलले तरी आतली रचना तीच राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला लावलेला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या हा केवळ आठवणी काढण्याचा विषय नाही, त्याचा पार्टांच्या बाजाराशी थेट संबंध आहे. त्याकडे पुढे येतो.

या गाडीविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की ती वारंवार बिघडते. खरे म्हणजे आज ज्याला आपण बिघाड म्हणतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिच्या काळी नेहमीच्या देखभालीत मोडत होत्या. आजच्या गाडीत इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि व्हॉल्व्हमधली फट या गोष्टी एकतर संगणक सांभाळतो किंवा त्या आपोआप जुळत राहतात. पद्मिनीत त्या माणसाने हाताने जुळवायच्या असतात, आणि काही हजार किलोमीटर चालल्यावर त्या पुन्हा हलणारच, हे गृहीत धरूनच गाडी बनवलेली आहे. घड्याळाला चावी न देता ‘घड्याळ बंद पडले’ अशी तक्रार करावी, तशी यातली निम्मी गाऱ्हाणी असतात. उरलेल्या निम्म्यांत मात्र खरे आणि महागडे बिघाड आहेत, आणि त्यांत पहिला मान पत्र्याचा.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. ट्रकला किंवा जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि वरची बॉडी त्याच्यावर बसवलेली असते, त्यामुळे बॉडी सडली तरी सांगाडा टिकतो. पद्मिनीत मात्र जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर हे सगळे एकमेकांना वेल्ड करून त्यांचीच एक कणखर पेटी बनवलेली आहे, आणि इंजिन, स्प्रिंगा, मागचा धुरा ही सगळी ओझी ती पेटीच पेलते. म्हणून या गाडीत गंज लागणे म्हणजे केवळ रंगाला फोड येणे नव्हे. दारांखालची पट्टी आतून खाल्ली गेली की गाडी मधोमध किंचित झुकते, दारे नीट बसेनाशी होतात आणि जॅक लावायला गेले तर जॅकच पत्र्यात घुसतो. पुढचे दार उघडून ते थोडे वर उचलून पाहावे. बिजागरी ठीक असूनही दार बंद करताना उचलून धरावे लागत असेल, तर दोष दाराचा नसून खालच्या पेटीचा असण्याची शक्यता मोठी आहे.

गंज कुठे धरतो हे ठरलेले आहे. पुढच्या मडगार्डच्या आत, दिव्यांच्या मागे चिखल साचून राहतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला जी भोके असतात, ती धुळीने बुजली की दारे बादलीसारखी पाणी धरून ठेवतात. काचेभोवतीचे रबर कडक झाले की पावसाचे पाणी आतून झिरपते आणि पायाखालच्या रबरी मॅटखाली जाऊन बसते; वरून मॅट कोरडी ठणठणीत आणि खाली जमिनीचा पत्रा कागदासारखा, असे दृश्य मी तीन-चार गाड्यांत पाहिले आहे. डिक्कीत स्टेपनीखालचा खळगा हीसुद्धा अशीच जागा. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेच्या पट्ट्यात हे सगळे लवकर घडते. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेतली गाडी त्यामुळेच पाहायला जाण्याचा खर्च सोसण्यालायक असते.

विकणारे लोक गंजावर ‘लांबी’ भरून वर रंग मारतात. लांबी म्हणजे भोके आणि खड्डे बुजवायची लुकण. ती ओळखायला यंत्र लागत नाही. फ्रिजला चिकटवायचा एखादा साधा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारांच्या खालच्या भागावरून फिरवावा. जिथे तो पकड सोडतो, तिथे पत्रा नाही, लुकण आहे. चुंबकाच्या या एका फेरीने माझ्या एका मित्राचा चांगला लाखभर रुपयांचा खर्च वाचला, कारण दिसायला लखलखीत असलेल्या त्या गाडीच्या डाव्या बाजूला चाकाच्या कमानीपासून मागच्या दारापर्यंत तो कुठेच चिकटला नाही.

पत्रा एवढा महाग का, तर त्यात माल थोडा आणि हात फार लागतो. सडलेला भाग कापायचा, नवा पत्रा ठोकून त्याच आकाराचा घडवायचा, वेल्ड करायचा, घासायचा, मग लांबी, प्रायमर आणि रंग. हे काम मन लावून करणारे जुने टिंकर आता कमी उरले आहेत आणि ते दिवसाच्या हिशेबाने पैसे घेतात. आमच्या गाडीचे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, पुढची अर्धी जमीन आणि संपूर्ण रंग एवढे काम २०१९ साली झाले, तेव्हा एक लाख साठ हजार रुपये लागले. त्या रकमेत इंजिन चार वेळा बांधून झाले असते. म्हणून माझा सल्ला असा, की पद्मिनी घेताना पत्रा पाहून घ्यावी. इंजिन वाईट असले तरी चालेल.

इंजिनाकडे वळायचे तर त्याचा खरा शत्रू उष्णता आहे. पद्मिनीच्या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते. रोजच्या तापमानात हा फरक दोहोंमधले गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारा पातळ थर, सांभाळून घेते, पण गाडी एकदा उकळली की हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी व ऑइल यांचे मार्ग एकमेकांत मिसळतात. ऑइल ओतायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर दिसला, किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड उतरवावे लागणार असे समजावे. गॅस्केट स्वतः काही शे रुपयांचे असते. खर्च होतो तो हेड उतरवणे, ते लेथवर सपाट करून घेणे, व्हॉल्व्ह बसवणे आणि सगळे पुन्हा जुळवणे यांत. आठ-दहा हजार रुपये सहज जातात. आणि हेड प्रत्येक वेळी थोडे थोडे घासले जात असल्यामुळे हा उपाय कितीही वेळा करता येत नाही.

गाडी उकळते कशामुळे? बहुतेक वेळा कारण अगदी क्षुल्लक असते. पंख्याचा पट्टा सैल असतो, वॉटर पंपाच्या सीलमधून थेंब थेंब गळत असते किंवा रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात. वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी ओतलेल्या गाडीत नळ्यांची अवस्था आपल्या बाथरूममधल्या गिझरसारखी होते. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर तो फेकू नये. त्याची वरची टाकी उघडून नळ्यांतून सळया फिरवून त्या साफ करतात, याला कारागीर ‘रॉडिंग’ म्हणतात, आणि फुटलेल्या जागी डाख देतात. हे काम दोन-तीन हजारांत होते आणि पुढे काही वर्षे पाहावे लागत नाही. नळाच्या पाण्याऐवजी कूलंट घालणे मात्र आवश्यक आहे, कारण कूलंट केवळ उकळण्याचे तापमान वाढवत नाही, तर ॲल्युमिनियमचे हेड आतून पोखरले जाण्यापासूनही वाचवतो.

इथे एका जुन्या सवयीविषयी सांगितले पाहिजे. अनेक मेकॅनिक ‘आपल्या हवेत गरज नाही’ असे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा आहे. इंजिन गार असेपर्यंत तो बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि इंजिन पुरेसे तापल्यावर उघडतो. तो काढला की इंजिन फार उशिरा तापते, तोवर चोक ओढून ठेवावा लागतो, जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि रिंगा-पिस्टन लवकर झिजतात. टॅक्सी दिवसभर चालू असे, त्यामुळे तिला याची झळ कमी लागली असावी. रविवारी सकाळी सहा किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ती पुरेपूर लागते. टॅक्सीवाल्यांची शहाणीव घरच्या गाडीला जशीच्या तशी लावू नये, असे माझे मत आहे, आणि त्यावरून आमच्या मिस्त्रींशी माझा अजूनही वाद होतो.

आता ठिणगीकडे येऊ. पेट्रोल पेटवायला प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते आणि ती कोणत्या क्षणी पडावी हे डिस्ट्रिब्युटर नावाचा भाग ठरवतो. त्याच्या आत ‘पॉइंट’ म्हणजे दोन छोटे धातूचे स्पर्शबिंदू असतात. ते उघडले की कॉइलमध्ये विजेचा जोरदार दाब निर्माण होऊन ठिणगी पडते. ही उघडझाप मिनिटाला हजारो वेळा होत असल्याने पॉइंट जळतात, त्यांच्यावर खड्डे पडतात आणि मधली फट बदलते. ही फट अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी असावी लागते. ती कमी-जास्त झाली की गाडी धक्के खाते, चढावर दम सोडते आणि पेट्रोल जास्त पिते. पॉइंटच्या शेजारी करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो कमजोर झाला की गाडी गार असताना व्यवस्थित चालते, वीस मिनिटांनी तापल्यावर अचानक बंद पडते, आणि अर्धा तास सावलीत उभी राहिली की काहीच झाले नाही अशी पुन्हा सुरू होते. या लक्षणावरून कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, खोलणारे बरेच भेटतात. आधी दोनशे रुपयांचा कंडेन्सर बदलून पाहावा, हे शहाणपण मला दोन कार्ब्युरेटर किट वाया गेल्यावर आले.

तरीही तापून बंद पडण्याचे दुसरेही एक कारण आहे, आणि त्याचा उपाय पाहण्यासारखा असतो. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटूनच बसवलेला आहे. आतला रबरी पडदा खाली-वर होऊन पेट्रोल ओढतो आणि कार्ब्युरेटरकडे ढकलतो. मे महिन्यात, घाटाच्या रांगेत, इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पडदा द्रव ढकलू शकतो, वाफ नुसती दाबली जाते, आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. खंडाळ्याच्या घाटात वडिलांनी बोनेट उघडून, खांद्यावरचा पंचा बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळलेला मला अजून दिसतो. पंचातून वाफ निघाली, पाच मिनिटे गेली, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. आजही डिक्कीत एक सुती फडके आणि पाण्याची बाटली ठेवण्याहून स्वस्त उपाय याला नाही.

नव्या काळाने या इंधनव्यवस्थेपुढे एक नवी अडचण ठेवली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि पद्मिनीतले रबर, म्हणजे पंपाचा पडदा, नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली गॅस्केटे, या मिश्रणासाठी बनलेले नाही. ते फुगते किंवा चिरते. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीत आतून गंज धरतो आणि त्याचा लाल गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, येऊन अडकतो. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणून दर काही दिवसांनी डिपस्टिक काढून ऑइलचा नुसता थर पाहू नये, वासही घ्यावा. ऑइल न घालता त्याची पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवावी. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबरी नळ्या बाजारात मिळतात. सगळ्या मिळून हजार-दीड हजाराचे काम आहे. त्या न बदलणे म्हणजे आगीशी खेळ आहे, आणि हे वाक्य मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही.

पुढच्या चाकांकडे पाहिले तर तिथे देखभालीच्या जुन्या पद्धतीचा सर्वांत चांगला नमुना सापडतो. चाक डावीकडे-उजवीकडे वळते ते किंगपिन नावाच्या उभ्या पोलादी खुंटीभोवती, आणि ती खुंटी ज्या बुशमध्ये फिरते त्यात ग्रीस भरायला छोटी निपले दिलेली आहेत. दीड-दोन हजार किलोमीटरने ग्रीस गनने नवे ग्रीस दाबून जुने काळे ग्रीस बाहेर पडताना दिसले पाहिजे. हे काम केले तर किंगपिन वर्षानुवर्षे टिकते. टाळले तर स्टिअरिंग जड होते, टायर एका कडेने झिजतात आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. झीज ओळखायची युक्ती सोपी आहे. चाक जॅकवर उचलावे, वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवावे. हालचाल जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, तरीही चाक हललेच तर किंगपिन गेले. दोन्ही बाजूंचे किंगपिन किट बसवायला मजुरीसह पाच-सहा हजार रुपये लागतात, आणि ग्रीसिंगला दर वेळी दोन-तीनशे. या दोन आकड्यांत गाडी सांभाळण्याची सगळी रीत येते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र कंजुषी अजिबात नको. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पेडलला मदत करणारा बूस्टर नाही, आणि ब्रेक ऑइलचा मार्ग एकच आहे, म्हणजे कुठल्याही एका चाकाशी गळती झाली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल पाणी शोषते, त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो आणि त्यातले रबर फाटते. पेडल दाबल्यावर ते मऊ लागले किंवा दोन-तीनदा दाबल्याशिवाय वर येत नसले, तर ‘हवा काढून घेऊ’ एवढ्यावर समाधान मानू नये, हवा शिरली कुठून हे शोधावे. मी दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलतो आणि चारही चाकांच्या ब्रेकची रबरे एकदमच बदलतो. ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग, झिजत जातात तसे ते हाताने ड्रमच्या जवळ आणावे लागतात. हे न केल्यामुळे गाडी ब्रेक लावताना एका बाजूला खेचते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी राहते आणि पुढचे काही क्षण ब्रेक लागतच नाहीत. अशा वेळी हळू चालवत पेडल हलके दाबून ड्रम तापवून सुकवावे लागतात.

गिअरबॉक्स तसा दणकट आहे. तक्रार असते ती स्टिअरिंगजवळच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळया आणि त्यांच्या बुशांची. बुश झिजले की दांड्याचा खेळ वाढतो आणि गिअर शोधावा लागतो. ही झीज काही शे रुपयांच्या बुशांनी जाते, पण पुष्कळ लोक आधी गिअरबॉक्सच उतरवतात. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गाडी चालत असताना तो टाकायला गेले तर दाते करकरतात. गाडी पूर्ण थांबवून तो टाकायचा असतो, हे नव्या मालकाला कुणी तरी सांगितले पाहिजे. विजेबाबत एवढेच, की जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नसून डायनामो आहे, तो मंद गतीला फारशी वीज देत नाही, आणि त्यामुळे रात्रीच्या ट्रॅफिक जॅममध्ये दिवे पिवळे पडतात. अल्टरनेटर बसवून घेणे हा या गाडीत केलेला सर्वांत समंजस बदल आहे, मग गाडी जशीच्या तशी ठेवण्याच्या आग्रही लोकांनी कितीही नाक मुरडले तरी.

आता वहीतले आकडे. गेल्या वर्षी गाडी सुमारे दोन हजार किलोमीटर चालली. दोनदा ऑइल आणि फिल्टर बदलण्याला ३,६०० रुपये, प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर यांना १,१००, चार वेळा ग्रीसिंग आणि खालून धुण्याला २,०००, ब्रेकची रबरे, ऑइल आणि मजुरी यांना ३,४००, पेट्रोल पंप व कार्ब्युरेटरच्या किटला मजुरीसह २,२०० आणि पट्टा व पाण्याच्या नळ्यांना १,५०० असे एकूण १३,८०० रुपये झाले. त्यात पेट्रोल, विमा आणि बॅटरी धरलेली नाही. बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलते. शहरात लिटरला दहा-बारा किलोमीटर हे पद्मिनीचे सरळ उत्तर आहे, त्याहून जास्त सांगणारा माणूस बहुधा उतारावर मोजतो. २०१६ साली इंजिन पूर्ण बांधले, म्हणजे सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन-रिंग आणि बेअरिंग घातली, तेव्हा ३८,००० रुपये लागले होते. आज तेच काम त्याच्या दीडपटीत होईल असा माझा अंदाज आहे. हे आकडे एका गाडीचे आणि एका गॅरेजचे आहेत. त्यांच्याकडे खर्चाचे परस्पर प्रमाण म्हणून पाहावे, दरपत्रक म्हणून नव्हे.

पार्टांविषयीचा पहिला प्रश्न इथे येतो. टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचे सामान ही रोजची विक्री होती, त्यामुळे मुंबईत ते स्वस्त आणि मुबलक होते. आता गिऱ्हाईक राहिले ते हौशी. झिजणारे भाग, म्हणजे क्लच प्लेट, ब्रेकची रबरे, गॅस्केट, किंगपिन किट, वॉटर पंप, हे अजून बनतात आणि मिळतात, पण प्रतीत फार फरक असतो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत ‘जुना स्टॉक आहे का’ असे विचारणे फायद्याचे ठरते. अडचण होते ती न झिजणाऱ्या भागांची. पुढच्या जाळीच्या चकचकीत पट्ट्या, दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी, मीटर आणि डॅशबोर्डचे तुकडे नव्याने फारसे कुणी बनवत नाही, आणि भंगारात निघालेल्या गाडीतून ते मिळाले तर दुकानदार किंमत आपला चेहरा पाहून सांगतो. म्हणून अर्धवट गाडी स्वस्तात घेऊन ‘बाकीचे हळूहळू जमवू’ हा बेत बहुतेक वेळा महागात जातो.

कागदपत्रांचा खर्चही आता विचारात घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. मोटारीसाठीचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार करण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. विम्यात पद्मिनी १००० ते १५०० सीसीच्या गटात येते आणि त्या गटाचा त्रयस्थ विमा २०२२ च्या दराने वर्षाला ३,४१६ रुपये अधिक कर असा आहे. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळू शकतात. अगदी सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. पण ही नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्यांना गाडीतून भाजी आणायची आहे, त्यांनी या मानाच्या मागे लागू नये.

राहिला तो उभ्या गाडीचा मुद्दा. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली चार महिने उभी राहिलेली पद्मिनी ही चालत्या पद्मिनीपेक्षा महाग असते. आच्छादनाखाली दमट हवा कोंडते, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरून बसते, बॅटरी उतरते, पेट्रोल शिळे होते आणि उंदीर वायरी कुरतडतात. प्रत्येक गोष्ट छोटी, पण सगळ्यांचे बिल एकाच दिवशी येते. डोक्यावर छप्पर, बाजूने हवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही नीट तापेपर्यंत, प्रत्यक्ष रस्त्यावर चालवणे एवढे जमत असेल तर वर्षाचा खर्च वर दिलेल्या आकड्यांच्या आसपास राहतो. जागच्या जागी दहा मिनिटे इंजिन चालू ठेवणे हा त्याला पर्याय नाही. त्याने ऑइलमधले पाणी उडत नाही, ब्रेक आणि बेअरिंग तर हलतही नाहीत.

गाडी पाहायला जाताना चुंबक, टॉर्च आणि बसून खाली वाकता येईल असे जुने कपडे एवढे पुरते. मॅट उचलायला मालकाने नाही म्हटले तर तिथेच निरोप घ्यावा. गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना सायलेन्सरमधून निळा धूर आला आणि लगेच थांबला तर व्हॉल्व्हजवळून ऑइल उतरते आहे. गाडी चालवताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंगा गेल्या आहेत. गाडी तापल्यावरही पांढरी वाफ थांबली नाही तर पुन्हा हेड गॅस्केटची शंका. हे सगळे गार इंजिनापासून पाहिले तरच कळते. ‘तुम्ही येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवली होती’ असे विकणारा म्हणाला, तर बोनेटला हात लावून पाहावा, त्याने देऊ केलेला चहा घ्यावा, आणि इंजिन पुरते गार होईपर्यंत गप्पा मारत बसावे.